यादीतली भोजलीबाई

भिलाईला जाऊन आलो म्हटले की लोक आधी पोलादाच्या कारखान्याचे विचारतात. तो मी सहा दिवसांत एकदाच पाहिला, सुपेल्याला जाणाऱ्या ऑटोतून, तोही लांबून. धुरांडी मोजायला घेतली, सातपर्यंत आलो आणि मध्ये ट्रक आडवा आला. माझी भिलाई म्हणजे चरोद्याची एक गल्ली, सुपेल्याचे एक चॉइस सेंटर आणि महापालिकेच्या जोन, म्हणजे झोन, ऑफिसातला एक लांब बाक. एवढ्या भांडवलावर प्रवासवर्णन कशाला, असे कोणी म्हणेल. पण तिथे जे पाहिले ते सांगावेसे वाटते, आणि ज्यांच्या नात्यात एखादी एकटी राहिलेली बाई आहे त्यांच्या ते उपयोगीही पडेल.

मी भंडाऱ्याला पाटबंधारे खात्यात आहे. कालव्याच्या पाण्याची मापे घ्यायची आणि वहीत उतरवायची, हे काम सत्तावीस वर्षे करतो. त्यामुळे जिथे जाईन तिथे मोजत बसतो. या वेळी मात्र गेलो होतो मंदामावशीला कायमचे घेऊन यायला.

मंदामावशी ही आईची सगळ्यांत धाकटी बहीण, माझ्याहून सहाच वर्षांनी मोठी. लग्न होऊन चरोद्याला गेली त्याला अडतीस वर्षे झाली. मावसाजी रसमड्याच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे फिटर होते. लोकलने दुर्ग आणि तिथून पुढे सायकल, असा त्यांचा रोजचा रस्ता. ठेकेदार बदलत गेले, मावसाजी तेच राहिले, म्हणून शेवटी कुठल्याच ठेकेदाराने त्यांना आपला माणूस म्हटले नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेले. मूलबाळ नाही. घर दोन खोल्यांचे आणि स्वतःचे आहे, रेशनचा तांदूळ मिळतो. वरखर्चाला मावशी वड्या-पापड करून विकत असे. गुडघ्यांनी जमिनीवर बसू देणे बंद केले, तसे तेही थांबले.

निघताना आईने बजावले होते, "तिले घेऊनच ये. नाई म्हनन, तं आयकू नको."

रविवार, चरोदा

भंडारा रोडपासून दुर्ग सुमारे दोनशे किलोमीटर. मार्चचा दुसरा आठवडा होता, दरेकशाच्या जंगलात पळस पेटला होता. या रस्त्यावर खिडकीइतकेच कानही उघडे ठेवावेत. डोंगरगडच्या अलीकडे डब्यात 'कावून' ऐकू येते, ते मागे पडले की 'काबर'. दोन्हीचा अर्थ एकच, का म्हणून. मधे कुठे बदलले ते मला नेमके पकडता आले नाही.

चरोद्याला मालगाड्यांचे मोठे यार्ड आहे. पुलावर थांबून एका गाडीच्या वाघिणी मोजल्या. अठ्ठावन्न, आणि मागे गार्डचा डबा. यार्डाच्या पलीकडे रेल्वे कॉलनी आणि तिच्या मागे मावशीची गल्ली. गल्लीत तेवीस घरे. प्रत्येक दारापुढचा हातभर रस्ता ज्याचा त्याने सारवलेला. आमच्याकडे सारवण अंगणापुरते असते, इथे ते रस्त्यावर उतरते.

मावशी दारातच उभी होती.

"आला का बाबू? एकटाच आला?"

"एकटाच."

"आनं जाताना दोघं जाऊ म्हनून आला अशीन."

मी पिशवी खाली ठेवली. "आईनं सांगितलं..."

"मोठी बाई सांगनच. तिले भिलाई म्हंजे नुसता धूर वाटते. अडतीस सालात दोन डाव आली अथी, दोन्ही डाव सर्दी घेऊन गेली."

मागून एक बाई पितळी गंज, म्हणजे पातेले, घेऊन आली. साठीची, उंच, कपाळावर गोंदण. मावशी म्हणाली, "हे माही भोजली. बाजूलेच रायते." मी नमस्कार केला. बाईंनी माझ्यापुढे गंज ठेवला. आत पाण्यात बुडालेला भात, वर कांदा, बाजूला टोमॅटोची चटणी. "खा ले बेटा. बासी आय," त्या म्हणाल्या.

बासी म्हणजे शिळे. दोनशे किलोमीटर येऊन शिळा भात, असे मनात आले हे खरे आहे. आमच्याकडे शिळ्या भाताला फोडणी देऊन त्याचे शिळेपण झाकतात. छत्तीसगडात तो रात्री मुद्दाम पाण्यात घालतात आणि पाहुण्याला नावानिशी वाढतात. पहिल्या घासाला मी बिचकलो आणि तिसऱ्यानंतर बोललोच नाही. अंगातली उन्हाची काहिली दहा मिनिटांत उतरली.

बाई गेल्यावर मावशीने विषय स्वतःच काढला.

"आयक बाबू. विधवा पेन्शन लागली तं मी अथीच राहीन. नाई लागली तं चालीन तुह्यासंगं, कुरकुर नाई करनार. पर लोकाच्या भातावर मी जगनार नाई. तुह्याबी नाई आनं भोजलीच्याबी नाई."

"अर्ज केला नव्हता का?"

"गेली होती न मागल्या साली. खिडकीवरच्यानं सांगतलं, यादीत नाव नाई. आली वापस."

गरीब कुटुंबांची एक पाहणी फार वर्षांपूर्वी झाली. त्या यादीत नाव असल्याशिवाय हे पेन्शन मिळत नाही. यादीत नाव का नाही हे मावशीने विचारले नाही आणि तिला कोणी सांगितलेही नाही.

मी तिचा सौदा मान्य केला. खरे सांगायचे तर पेन्शन लागेल असे मला वाटत नव्हते. सात दिवसांची रजा होती. दोन दिवस ऑफिसात घालवायचे, मावशीची खात्री पटवायची आणि सामान बांधायचे, असा माझा हिशेब होता.

सोमवार, सुपेला

चरोद्याच्या चॉइस सेंटरचा सर्व्हर सकाळीच बसला होता. चॉइस सेंटर म्हणजे आपल्याकडचे सेतू. आम्ही ऑटोने सुपेल्याला गेलो. सुपेल्याचा चौक म्हणजे दुकाने, वेल्डिंगच्या ठिणग्या, हातगाड्या आणि या सगळ्यांतून वाट काढणारे लोक. पण मावशीचे गुडघे पाहून तीन वेगवेगळ्या मोटारसायकलवाल्यांनी न सांगता गाडी थांबवली. आमच्या चौकात एकानेही थांबवली नसती.

सेंटरवर तिशीतली एक ऑपरेटर बाई होती. की-बोर्डकडे न बघता टाइप करत होती. मी फाइल पुढे केली. अकरा कागद, प्रत्येकाच्या तीन प्रती, एकूण तेहतीस. तिने सहा काढून घेतले आणि सत्तावीस परत केले.

"भैया, शादी का कार्ड भी लाए हो. ये किसलिए?"

"लागलं तर असावं म्हणून," मी हिंदीत सांगितले.

लागणारे सहा कागद इथे लिहून ठेवतो: आधार, रेशनकार्ड, पतीचा मृत्यूचा दाखला, रहिवासाचा पुरावा, बँकेचे पासबुक आणि वयाचा पुरावा. शिवाय दोन फोटो. बँकेचे खाते आधारला जोडलेले हवे, पुष्कळांचे घोडे तिथेच अडते. रकमेचा आकडा मी मुद्दाम देत नाही, कारण वाचणारा वाचेपर्यंत तो बदललेला असतो.

"पूरा नाम?" बाईने विचारले.

"मंदा नामदेव फुंडे," मी सांगितले.

"पति का नाम?"

"नामदेव फुंडे."

"वो तो आपने नाम में ही बोल दिया."

मी म्हणालो, आमच्यात असेच असते. ती हसली. "मराठी लोग पति को नाम के अंदर ही बिठा के रखते हैं. अच्छा है, कहीं भागेगा नहीं."

"अंदर ही बिठाया था बेटी," मावशी म्हणाली, "फिर भी चला गया."

बाईची बोटे थांबली. ती उठली, स्वतःचा टेबलफॅन उचलून मावशीकडे वळवून ठेवला आणि उरलेला अर्ज घाम पुसत भरला. शेवटी एक चौकोन रिकामा ठेवला. "सर्वे सूची का क्रमांक जोन ऑफिस में देखेंगे. उसके बिना आगे नहीं बढ़ेगा."

परतताना हातगाडीवर तांदळाच्या पिठाचा चीला खाल्ला. आपल्या घावनाचा भाऊ, पण जाड आणि जास्त खमंग. मी तीन खाल्ले, मावशीने दोन.

मंगळवार, जोन ऑफिस

ऑफिस साडेदहाला उघडणार होते आणि दहा चौतीसला काम सुरू झाले. ही वेळ मी कौतुकाने लिहितो आहे. खिडकीवर पिकल्या केसांचे एक बाबू होते. त्यांनी मावशीचे नाव संगणकात टाकले, मग आडनाव, मग नुसते मंदा. तिन्ही वेळा मान हलवली.

"सूची में नहीं हैं."

माझा सत्तावीस वर्षांचा अनुभव असा की नोंद नाही असे सहसा होत नसते. ती भलत्या जागी असते. मी विचारले, "यादी मी स्वतः पाहू का?"

भंडाऱ्यात असे विचारले असते तर मला बाहेरचा रस्ता दाखवला असता. या बाबूंनी चष्म्यावरून पाहिले, कपाटातून वॉर्डाच्या यादीचा छापील गठ्ठा काढला आणि आत खुर्ची दिली. "देख लीजिए. मिल जाए तो मुझे भी बताइए." पाच मिनिटांनी न मागता चहाही आला.

एकसष्ट पाने होती. यादी नावांवर लावलेली नव्हती, पाहणी करणारा ज्या क्रमाने घरोघर फिरला त्या क्रमाने होती. म्हणजे कालव्यासारखीच, शिरापासून शेपटापर्यंत. मी गल्लीचे वळण शोधले आणि घरामागून घर उतरत गेलो. एक तास दहा मिनिटांनी त्रेचाळिसाव्या पानावर मावशीचा घर क्रमांक सापडला. सदस्य दोन. पुरुष, नामदेव. त्याच्या खालच्या ओळीत:

भोजली बाई, पति नामदेव.

मी ती ओळ चार वेळा वाचली. शेजारची भोजली, माझ्या मावसाजींची बायको? मग डोक्यात दुसरा विचार शिरला आणि तो जास्त वाईट होता. शेजारणीने मावशीच्या जागी आपले नाव घुसवले. इतकी वर्षे मावशीच्या हक्काचे जे काही असेल ते ती खात आली, आणि वर गंज भरून भात आणते.

ओळ वहीत उतरवली, बाबूंना उद्या येतो म्हणालो. मावशी बाहेर कडुलिंबाखाली बसली होती. तेवढ्या वेळात तिच्या पाच ओळखी झाल्या होत्या. मी तिला काही सांगितले नाही.

दुपारी भोजलीबाई अंगाकर रोटी आणि लाल भाजी घेऊन आली. पळसाच्या पानांत गुंडाळून विस्तवावर भाजलेली जाड रोटी, वास गल्लीभर सुटलेला. मी म्हणालो, भूक नाही.

"कावून?" मावशी म्हणाली. "सकाळपासून चाय-बिस्कुटावर हायेस. तोंड कावून असं करून राहिला?"

माझ्याच्याने राहवले नाही. मी भोजलीबाईकडे वळून हिंदीत विचारले, "आपने मावशी के घर में अपना नाम क्यों लिखवाया?" आणि वही उघडून ती ओळ मोठ्याने वाचली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिले. मग मावशी हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. भोजलीबाईने पदरात तोंड लपवले होते, पण खांदे हलत होते.

"अरे येड्या," मावशी डोळे पुसत म्हणाली, "भोजली हे काय तिचं नाव हाय? ते माही भोजली, मी तिची भोजली!"

तेव्हा मला कळले. श्रावणात इथे टोपलीत गव्हाचे अंकुर वाढवतात, त्यांना भोजली म्हणतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी ते तळ्यात विसर्जित करतात. त्या दिवशी दोन बाया ते अंकुर एकमेकींच्या कानात खोवतात आणि जन्माच्या मैत्रिणी होतात. त्यानंतर एकीने दुसरीचे नाव घ्यायचे नाही, आयुष्यभर भोजलीच म्हणायचे. मावशी लग्नानंतर सात वर्षांनी, पहिले मूल गेले त्या वर्षी, हिची भोजली झाली. रोज सकाळी दोघी दारात 'सीताराम भोजली' म्हणत ते मी दोन दिवस ऐकत होतो. मला वाटले, इथला रामराम असेल.

"सर्वेवाला आला तेव्हा तू कुठं होतीस?" मी विचारले.

"तुह्याच घरी. तुह्या धाकट्या पोरीच्या बारशाले."

भोजलीबाई म्हणाली, "मोला पूछिस, ए घर म कोन रहिथे? मैं कहेंव, नामदेव भाई अउ मोर भोजली. वो लिख लिस." घरात कोण राहते हे त्याने विचारले, तिने सांगितले, त्याने लिहिले. खोटे कोणीच बोलले नव्हते.

मी माफी मागितली. तिने उत्तर म्हणून रोटीचा मोठा तुकडा पुढे सरकवला. मी चार तुकडे खाल्ले.

बुधवार, तोच बाक

तिघे ऑफिसात गेलो. बाबूंना पान आणि ओळ दाखवली. ते खूश झाले. "चौदह साल में पहली बार किसी ने पूरी सूची पढ़ी है." मग त्यांनी पुढची पायरी सांगितली. यादीतली भोजली बाई आणि अर्जातली मंदा फुंडे एकच आहे असा पंचनामा हवा. ज्या बाईने तेव्हा माहिती दिली, तिनेच पंचांसमोर तोंडाने सांगायचे: मी जिला भोजली म्हणाले तिचे नाव अमुक.

भोजलीबाई उभी राहिली. मग म्हणाली, "नाव तो मैं नइ लेवँव साहब. धरम के बात आय."

मला आधी गंमत वाटली. मी उपाय सुचवला. आमच्याकडे नवऱ्याचे नाव घेत नाहीत, पण उखाण्यात घेतलेले चालते. तसे दोन ओळींत गुंफून घ्या. मावशीने हिंदीत समजावले. भोजलीबाई म्हणाली, "ओ तो डउका बर आय. भोजली बर नोहय." ते नवऱ्यासाठी ठीक आहे, भोजलीसाठी नाही. नवऱ्याला जी सूट आहे ती मैत्रिणीला नाही, हे मी आयुष्यात प्रथमच ऐकले.

मग माझा तोल गेला. "मावशी, सांग ना तिला. दोन अक्षरं तर आहेत. दोन अक्षरांनी काय बिघडतं?"

भोजलीबाईच्या डोळ्यांत पाणी आले. ती मावशीकडे बघून म्हणाली, "नाव लेहूँ त भोजली टूट जाही. नइ लेहूँ त तैं चल देबे." नाव घेतले तर नाते तुटते, नाही घेतले तर तू जातेस. मग हात जोडून बाबूंना म्हणाली, "ले, लिखव साहब. मैं कहत हँव." ती नाव घ्यायला निघाली होती.

"नाई!" मावशी ओरडली. बाकावरचे सगळे वळले. "खबरदार भोजली! नाव लिया तो मैं तुम्हारा मुँह नहीं देखूंगी." आणि मला म्हणाली, "तुले न्यायचंच होतं न मले? मंग चाल. घेऊन चाल भंडाऱ्याले. पर तिच्या तोंडून हे नको काढू."

ज्यासाठी आलो होतो ते माझ्या पदरात पडले होते. मावशी स्वतः चल म्हणत होती. मला आनंद व्हायला हवा होता. मी त्या बाकावर बसून समोरच्या भिंतीवरच्या फरशा मोजायला लागलो आणि मधेच चुकलो.

बाबूंनी पेन खाली ठेवले. "मैं भी इसी तरफ का हूं," ते हळूच म्हणाले. "इनसे जबरदस्ती मत करवाइए. कल जाँच वाली मैडम मौके पर आएंगी, उन्हीं से पूछते हैं."

संध्याकाळी मावशीने फडताळातली भांडी खाली काढली. कोणते न्यायचे, कोणते भोजलीला द्यायचे, असे दोन ढीग केले. भोजलीबाई उंबऱ्यात बसून होती. तिला द्यायच्या ढिगातले एक एक भांडे उचलून ती पुन्हा फडताळात ठेवत होती. आठ भांडी झाल्यावर मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

गुरुवार, गल्लीत

नेताम मॅडम अकरा वाजून पाच मिनिटांनी स्कूटीवरून आल्या. पस्तिशीच्या असतील. अधिकारी बाई येणार म्हणून मी खुर्ची पुसून ठेवली होती. त्या मावशीच्या शेजारी चटईवर बसल्या. बाबूंची चिठ्ठी त्यांनी वाचली होती. भोजलीबाईला त्यांनी एकच विचारले, "कतका साल होगे?"

"एकतीस."

मॅडमनी मान हलवली. "मेरी भी है. महाप्रसाद. जगन्नाथ का प्रसाद खाकर बने थे, कॉलेज में. आज तक नाम नहीं लिया. फोन में भी महाप्रसाद लिखा है." मग बाहेर जमलेल्या बायकांना हाक मारली, "गल्ली की पाँच औरतें अपना-अपना आधार लेके आओ."

पाच कार्डे आली. मॅडमनी मावशीचे सहावे त्यांत मिसळले, प्रत्येकावरचे नाव कागदाच्या पट्टीने झाकले आणि सहाही चटईवर मांडली.

"दीदी, मुँह से कुछ मत बोलो. सर्वे वाले को जिसके बारे में बताया था, उस पर उँगली रख दो."

आधारवरचे फोटो कसे असतात ते वाचकांना ठाऊक आहे. सहाही बाया चोरीत पकडल्यासारख्या दिसत होत्या. मागून एक म्हणाली, "एमा तो मोर घरवाला घलो मोला नइ चिन्हय!" नवरासुद्धा ओळखणार नाही. सगळ्या हसल्या. भोजलीबाई हसली नाही. ती वाकली, पहिले कार्ड पाहिले, दुसरे, तिसरे. इथे बोट चुकले तर पंचनाम्यात चूकच लिहिली जाणार. चौथ्यावर ती थांबली आणि बोट ठेवले.

मॅडमनी पट्टी काढली. मंदा नामदेव फुंडे.

"पक्का?"

"ए लुगरा मोर आय," भोजलीबाई फोटोतल्या साडीच्या काठावर नख टेकवून म्हणाली. "फोटो खिंचाय बर गे रहिस त मोरे ले माँग के पहिरे रहिस. अब ले नइ लहुटाय हे." साडी माझी आहे, फोटोसाठी मागून नेली आणि अजून परत दिलेली नाही.

"वापस केली होती!" मावशी म्हणाली.

"कब?"

"ते हिरवी होती. थांब, हे... हे नाई केली बाप्पा."

मॅडमनी हसू दाबून पंचनामा लिहिला. साक्षीदाराने सहा छायाचित्रांतून बोट ठेवून ओळख पटवली, असे वाक्य स्वच्छ अक्षरात. कायद्याला ओळख हवी होती, ती मिळाली. नाव कोणीही घेतले नाही. मी नोकरीत शेकडो पंचनामे पाहिले आहेत आणि थोडे लिहिलेही आहेत. माणसाला न दुखवता लिहिलेला इतका चोख पंचनामा मी पाहिलेला नाही.

खाली साक्षीदार म्हणून भोजलीबाईने सही केली. सावकाश, एकेक अक्षर जोडत. तिचे खरे नाव मी तेव्हा पहिल्यांदा वाचले. ते इथे लिहीत नाही. मावशीने एकतीस वर्षे घेतले नाही, तर मी कोण?

शुक्रवार आणि नंतर

पंचनामा अर्जाला जोडला, पावती घेतली, पावतीचा क्रमांक तीन ठिकाणी लिहून ठेवला. मंजुरीला वेळ लागतो, पण यादीतली ओळ जुळली म्हणजे अवघड भाग झाला, असे बाबूंनी सांगितले. मावशीला स्टेशनवर येऊ नको म्हटले तरी ती आली, भोजलीबाईच्या खांद्यावर हात ठेवून. शिदोरी म्हणून भाकरी-झुणका होता आणि फरा होता, तांदळाच्या पिठाचे वाफवलेले लांबट तुकडे. पहिले मावशीकडचे, दुसरे भोजलीबाईकडचे. दुर्गपर्यंतच दोन्ही संपले.

घरी आल्यावर आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिला वहीतून सगळे वाचून दाखवले. तिने विचारले, "आनं ते भोजली नाव घ्याले निघाली होती?" मी हो म्हणालो. आईने वही मिटली आणि म्हणाली, "राहू दे तिले तथीच."

अर्जात मोबाइल नंबर भोजलीबाईच्या सुनेचा दिला होता, कारण मावशीचा फोन जास्त वेळ बंदच असतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्या नंबरवरून फोन आला.

"बेटा, मोर भोजली के पेंशन आगे," भोजलीबाई ओरडूनच सांगत होती, पेन्शन आली म्हणून. "मैसेज आय हे. बहू पढ़ के सुनाइस."

मागून मावशीचा आवाज आला, दे इकडे, दे. थोडी ओढाताण ऐकू आली आणि मग फोन तिच्या हातात आला.

"बाबू?"

"बोल मावशी."

"आता ये. न्यायले नको येऊ. राहायले ये."